नवतप्यातला बहार

आमच्या घरी उन्हाळ्यात झाडांना उपाशी ठेवत. नव्या पाहुण्यांना हे सांगताना मला फार मजा यायची, कारण ऐकणारा आधी हसायचा आणि मग माझ्या आईकडे संशयाने बघायचा. पण त्यात खोटं काही नव्हतं. चैत्र संपत आला की संत्र्याच्या झाडांचं पाणी बंद करायचं, बुंध्याभोवतीच्या आळ्यातली माती तापू द्यायची. पानं मलूल होऊन वळायला लागली, थोडी गळालीसुद्धा, तरी मन घट्ट करून बघत राहायचं. याला ताण देणं म्हणतात. असं तहानलेलं राहिलेलं झाड मृगाच्या पावसासरशी एकदम जागं होतं आणि फुलांनी भरून जातं. तो मृग बहार. त्याची संत्री होळीच्या आगेमागे उतरायची. ज्यांच्या विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी असे ते दुसराही बहार धरू शकत, पण आमच्या विहिरीची तेवढी ऐपत नव्हती. वर्षाला एकच बहार, आणि तो पावसाच्या भरवशावर, हा आमचा संसार.

बाग नागपूरच्या कडेला होती. कडेला म्हणजे तेव्हाच्या; आता तिथून पुढे ऑटो कितीही वेळ पळाला तरी नागपूर संपत नाही. झाडं लावली होती माझ्या आजोबांनी. ते गेल्यावर बाग बाबांकडे आली, पण बाबा पुरते बागायतदार कधी झाले नाहीत. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते, सकाळी सायकलला डबा अडकवून जायचे आणि उरलेल्या वेळात बाग बघायचे. त्यांची बोलण्याची तऱ्हा मात्र न्यायाधीशाची. चहात साखर कमी पडली आहे हेसुद्धा ते निकाल दिल्यासारखं सांगत, आणि एकदा सांगितलं की मागे फिरणं नाही. मला तेव्हा वाटायचं, ज्याचा आवाज इतका ठाम, त्याला सगळं ठाऊक असणारच. या एका गैरसमजातून बाहेर यायला मला तो उन्हाळा लागला.

आईचं माहेर कुहीकडचं. तिकडे धानाची शेती, बांध्यांमध्ये पाणी तुंबवून ठेवायचं आणि चिखलात पाय रोवून रोवणी करायची. तिच्या लेखी कोरडी माती म्हणजे घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं. ताणाच्या दिवसांत ती बागेत पाऊल टाकत नसे. "मले नाई पाहवत," म्हणायची आणि झाडांकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसायची. बाबा दर वर्षी हसून सांगत, "हे धान नाई, हे संत्रं आहे. याले लाडावलं तर फळ देत नाई." आई दर वर्षी तेच उत्तर द्यायची, "अन् पोट्ट्यायले?" मी आणि आई मिळून बाबांकडे बघायचो. मी एकुलती एक, त्यामुळे लाडाच्या प्रश्नात मला रस होता.

उन्हाळा मात्र मला आवडायचा, हे आता कुणाला खरं वाटत नाही. पहाटे मिलचा भोंगा वाजायचा तेव्हा अंगणातल्या खाटांवर चादरी थंडगार झालेल्या असत आणि आई मला उठवताना पांघरूण ओढून घ्यायची. विहिरीवरची गडगडी, म्हणजे पाणी ओढायची कप्पी, कुरकुरायची, शेजारच्या वासनिककाकूंच्या कोंबड्या आमच्या कुंपणाखालून निर्धास्त आत यायच्या. उन्ह चढलं की दारांना ओली पोती लागत. दुपारी ज्वारीची आंबील, सोबत कांदा. रविवारी काडीवर वळून वाफवलेले कणकेचे सरगुंडे आणि आंब्याचा रस, आणि पाहुणे असले तर गोळाभात, वर कडकडीत तेलाची धार. बाबा ऑफिसला निघताना आई त्यांच्या खिशात लू लागू नये म्हणून एक कांदा टाकायची. संध्याकाळी तो कांदा सुरकुतून परत यायचा आणि मी तो हुंगून सांगायची की आज बाहेर किती ताप होता. परवा माझ्या नातवाला हे सांगितलं तर तो मोबाइलवरचा पारा दाखवायला लागला. पारा मलाही वाचता येतो. पण हल्ली रात्र थंड होत नाही, भिंतीच तापून बसतात, हे मोबाइलवर नीट कळत नाही, पाठीलाच कळतं.

त्या वर्षी घरावर एक सावट होतं, त्याला आम्ही दोरीवाले म्हणायचो. शेतं-बागा विकत घेऊन त्यांचे प्लॉट पाडायचे, त्याला नागपुरात लेआउट टाकणं म्हणतात, आणि हे गृहस्थ लेआउट टाकत. स्कूटरवरून येत, सुपारी कातरत बसत आणि सोबत नेहमी मोजणीची एक लांब दोरी असे, गुंडाळून खांद्यावर टाकलेली. आमच्या मागच्या बाजूची बाग आदल्या वर्षी त्यांनी घेतली होती. तिथली झाडं पडली तेव्हा आठवडाभर तिकडून हिरव्या लाकडाचा वास येत होता आणि आमच्या विहिरीजवळ पाखरांची गर्दी झाली होती. आमचा त्याआधीचा बहार हलका गेला होता, विहीर खाली खाली चालली होती. एका संध्याकाळी दोरीवाल्यांसमोर बाबांनी निकाल दिला, "यंदाचा बहार पाहतो. नाई धरला, तर देऊन टाकतो. माह्यानं नाई होत आता." आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. रात्री तिने बाबांना वाढलं आणि स्वतःचं ताट घेतलंच नाही. या बागेशिवाय आमचं घर कसं असेल, याचं चित्रच मला काढता येईना.

ताण मात्र छान बसला. वैशाख लागला, पानं वळली, बाबा दर रविवारी झाडांमधून हिंडून समाधानाने मान हलवत. आणि मग बुद्ध पौर्णिमेला पाऊस आला.

वासनिककाकूंकडे दर वर्षी त्या दिवशी खीर होई आणि आमचा वाटा पितळी डब्यातून कुंपणावरून येई. काकूंचे यजमान मिलमध्ये होते, काकू घर, कोंबड्या आणि आजूबाजूच्या सगळ्या भानगडी सांभाळत. त्या डबा घेऊन कुंपणाशी आल्या आणि आभाळ काळं झालं. आम्हाला वाटलं वावटळ असेल. आधी धूळ आली, मग बोरांएवढ्या गारा पत्र्यावर वाजायला लागल्या आणि त्यामागून असा पाऊस, की काकू आमच्याच ओसरीवर अडकल्या. मी गारा वेचत अंगणात नाचत होते. आई हसत होती. बाबा मात्र ओसरीच्या खांबाला धरून बागेकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी नाचायची थांबले. वळवाचा शिडकावा त्यांनीही पाहिलेला होता. हा शिडकावा नव्हता. आळी काठोकाठ भरली होती.

दुसऱ्या दिवशी घरात एकच प्रश्न होता: ताण तुटला की नाही? तुटला असेल तर झाडं आता जागी होणार, फुलं काढणार, आणि त्या फुलांना पाऊस येईपर्यंत पाणी द्यावं लागणार. एवढं पाणी विहिरीत नव्हतं. तुटला नसेल तर आलेला पाऊस विसरायचा आणि झाडं पुन्हा कोरडी ठेवायची. चुकून मधेच लोंबकळली तर फुलंही जाणार आणि झाडंही खंगणार. बाबा रजा टाकून काटोलला गेले, तिथल्या संत्र्याच्या बाजारात त्यांच्या ओळखीचे बागवाले येत. रात्री बसने परत आले ते आणखी गोंधळून. एकजण म्हणाला ताण तुटला. दुसरा म्हणाला, एका पावसाने काय होतं. तिसऱ्याने बाबांनाच विचारलं होतं की पार्सल ऑफिसात तुम्हाला वरून काही बातमी असते का. रेडिओवरच्या बाई तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता आहे असं म्हणाल्या, आणि त्या तुरळक ठिकाणी आम्ही येतो की नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

"ताण चालू ठेवाचा," बाबांनी जेवताना निकाल दिला.

"झाडं उठली हायेत," आई म्हणाली. "मी पाह्यलं आज. शेंड्याले पोपटी फुटून राहिलं. झोपेतून उठवलं, जेवाले बसवलं, अन् आता समोरून ताट ओढता काय?"

"विहीर कोरडी झाल्यावर काय पाजशीन? तुह्या कुहीचं तळं आणतं काय इथी?"

"आणीन ना! तुमचं काय जाते?"

हे फार मोठ्याने झालं. इतक्या मोठ्याने की कुंपणापलीकडे काकूंचा पाटा-वरवंटा थांबला. दोघांनीही ताटावरून उठताना एकमेकांकडे पाहिलं नाही. मी भात चिवडत बसले होते. मला पहिल्यांदाच कळत होतं की बाबांचा आवाज ठाम आहे, पण त्यांना माहीत नाहीये. आईलाही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. पाऊस कधी येतो हे मोठ्या माणसांना माहीत असतं अशी माझी समजूत होती, जसं दूधवाला कधी येतो ते माहीत असतं तसं.

त्या एका पावसाला हवामान बदल म्हणायचं का, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा तो शब्द कुणी उच्चारलेला नव्हता. अवकाळी पाऊस आधीही पडत असणार. पण तो कधीमधी पडे आणि वर्षानुवर्षं त्याच्या गोष्टी सांगाव्या इतका दुर्मीळ असे. आता मे महिन्यात गारा पडल्या तर माझ्या सोसायटीत कुणी खिडकीपाशीही येत नाही, फक्त गाडीवर आच्छादन टाकायला खाली धावतात. काटोलकडची माझ्या मामेबहिणीची मुलगी सांगते, मावशी, आता ताण बसतच नाही, मधेच कुठूनतरी पाणी येतं, आणि मृग कोरडा जातो. ती हे सांगते तेव्हा तिच्या बोलण्यात मला बाबांचा तो काटोलहून परत आल्यानंतरचा चेहरा दिसतो.

आईचं म्हणणं खरं ठरलं. नवतपा सुरू झाला, म्हणजे वर्षातले सगळ्यात भाजणारे दिवस, जेव्हा नागपुरात कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात, आणि त्या नवतप्यात आमची बाग फुलली. ओल्या पोत्यांच्या फटींतून संत्र्याच्या फुलांचा वास घरात यायला लागला. बाहेर डोळे उघडवत नाहीत असं ऊन आणि त्यात पावसाळ्याचा वास! माझं डोकं गरगरायचं. मला आनंद व्हायचा आणि लगेच भीती वाटायची, कारण समोरच्या ओळींमधली फुलं दुपारपर्यंत करपून खाली पडत होती. बाबा ऑफिसला जाताना झाडांकडे न बघता सायकल काढत. निकाल दिलेला होता. आई झाडांकडे बघून सुस्कारा टाके, पण बादली काही उचलत नसे. तिलाही शब्द मागे घ्यायचा नव्हता, आणि परवानगी तर मागायचीच नव्हती.

याच सुमाराला बाबांचं पोट बिघडलं. आमचा संडास बागेच्या टोकाला, विहिरीच्या पलीकडे होता. बाबा एरवी भोंगा झाल्यावर टमरेल घेऊन जात. आता ते भोंग्याच्याही आधी उठत आणि टमरेलाऐवजी बादली घेऊन जात, आणि परत यायला त्यांना फार वेळ लागे. आले की घामाने निथळलेले असत. आईच्या जिवाला घोर लागला. तिने त्यांना बेलाचं सरबत सुरू केलं, मग मुगाची पातळ खिचडी, मग डाळिंबाच्या सालीचा काढा. बाबा तो काढा डोळे मिटून प्यायचे आणि ऑफिसच्या डब्यात पुन्हा मऊ भात बघून एक शब्द बोलत नसत. ही शांतता मला चमत्कारिक वाटली, म्हणून एका पहाटे मी खाटेवर पडल्यापडल्या डोळे किलकिले करून वाट बघितली आणि ते निघाल्यावर त्यांच्या मागे गेले. बाबांनी गडगडीच्या आसाला तेलाची चिंधी गुंडाळली होती, आवाज येऊ नये म्हणून. ते विहिरीतून बादली ओढत होते आणि विहिरीमागच्या, घरातून न दिसणाऱ्या ओळीतल्या झाडांना पाणी घालत होते. एकेक बादली, सावकाश, बुंध्याला लागणार नाही अशी. ओतताना ते काहीतरी पुटपुटत होते. मी दबकत परत येऊन झोपेचं सोंग घेतलं. निकाल मोडणारे बाबा मी कधी पाहिले नव्हते. मला लाज वाटली, आणि ते आवडलेही.

हे आईला सांगावं असं मी ठरवलं होतं. पण त्याच दुपारी बाबा ऑफिसला असताना आई डोक्याला पदर गुंडाळून, खुरपी घेऊन, विहिरीमागे निघाली. मी पाठोपाठ गेले. ती त्याच झाडांच्या आळ्यात बसून माती उकरत होती, वरची ओलसर माती मोकळी करून उन्हात पसरत होती. मला बघून दचकली.

"कोणाले सांगू नको वं बेबे," ती म्हणाली. "इथी खाली झरा हाये वाटते. माती ओलीच राह्यते. बाकीच्या झाडाइले ताण, अन् याईले ओल, मंग कशी समजतीन ती? तुह्या बाबाचंच बरोबर होतं. सुकू दे जराशी."

"मग बाबांना सांग ना, तुमचं बरोबर आहे म्हणून."

"मी काहून सांगू?" आई एकदम म्हणाली आणि खुरपी चालवायला लागली.

म्हणजे बाबा आईचं ऐकून पाणी घालत होते आणि आई बाबांचं ऐकून ते पाणी वाळवत होती. दोघंही हरले होते, दोघंही ते कबूल करत नव्हते, आणि बिचारी झाडं! मला रात्री झोप लागेना. बाबांचं आईला सांगितलं तर बाबांची फजिती, आईचं बाबांना सांगितलं तर आईची. न सांगावं तर बहार जाईल, दोरीवाले येतील, आणि मग सगळ्यांचीच फजिती. शेवटी मी काकूंच्या अंगणात जाऊन सगळं ओकले. काकू पदर तोंडावर धरून इतक्या हसल्या की कोंबड्या पळाल्या.

"दोघंबी झाडाचंच पाहून राहिले ना? मंग तू काहून मधात येतं?" त्या म्हणाल्या. "चूप राह्य. म्याबी चूप राह्यतो."

पण काकूंना फार काळ चूप राहता आलं नाही, आणि त्याला कारण बाबाच. त्यांना रोज पहाटे आळी उकरलेली दिसत. ओली केलेली माती कुणीतरी विस्कटतं आहे. अशा गोष्टी कोण करतं? कोंबड्या. एका संध्याकाळी ते कुंपणाशी जाऊन काकूंना बोलले, जरा जास्तच बोलले. काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं, ओठ आवळले आणि कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या. दुसऱ्या दिवशी आळी पुन्हा उकरलेली. बाबा पुन्हा कुंपणाशी. हे सगळं ऐकत आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, आणि तिची ती भाकरी अशी फाटली की तवा सोडून चुलीत गेली.

नवतपा संपत आला तेव्हा दोरीवाले आले. रविवार होता. लू अशी सुटली होती की कुंपणाच्या तारा गुणगुणत होत्या. समोरच्या ओळींखाली सुकलेल्या फुलांचा सडा पडला होता, वर झाडांवर नावालाही फूल नव्हतं. दोरीवाल्यांनी दोरीचं एक टोक बाबांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते मोजत मागे निघाले. बाबा ते टोक धरून उभे राहिले. इतके लहान ते मला कधीच दिसले नव्हते. आई पदर धरून मागे, तिच्यामागे मी. रडायचं नाही असं ठरवलेलं, पण नाक गळतच होतं.

विहिरीमागे जाऊन दोरीवाले थांबले. तिथल्या झाडांवर फुलं होतीच, आणि कुठे कुठे फूल गळून हिरवे बारके मणी धरले होते.

"हे कसं काय राह्यलं गा?" त्यांनी विचारलं.

"देवाची मर्जी," बाबा म्हणाले.

"खाली झरा हाये," आई म्हणाली.

"झरा कायचा, वयनी!" कुंपणापलीकडून आवाज आला. काकू डालग्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "भाऊ रोज पहाटी पाणी टाकते अन् तुमी दुपारी उकरता. अन् बदनाम कोन, त माह्या कोंबड्या! सांगून राहिली आता, मले नाई सहन होत."

बाबा दोरी धरून उभे. आईने आधी विहिरीकडे पाहिलं, मग गडगडीला गुंडाळलेल्या चिंधीकडे, मग बाबांकडे.

"मंग ते पोट?" ती म्हणाली.

बाबांनी दोरीचं टोक या हातातून त्या हातात घेतलं.

"अन् मी तुमाले साल उकळून पाजून राहिली!"

"लई कडू होतं," बाबा म्हणाले. आणि मग, खाली बघत, "तू म्हणे ना, ताट ओढू नका म्हून."

आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं ती रडते आहे. खांदे हलत होते. मग तो आवाज फुटला आणि कळलं की ती हसते आहे. आणि मग खरंच रडायला लागली. बाबांनी दोरीचं टोक सोडून दिलं आणि ते एका आळ्यापाशी उकिडवे बसले. मातीत बोट घातलं. वर फुफाट्यासारखी सुकी माती, आणि खाली, बोटाच्या पेरापाशी, गार ओल. त्यांनी बोट काढून बघितलं, पुन्हा घातलं.

"माहा बाप पाणी देल्लं का मागून वखर फिरवे," ते हळूच म्हणाले. "वरची माती फोडली का खालची ओल उडत नाई. मी इसरलोच होतो. ताणात कोन पाणी देते, म्हून ध्यानातच नाई आलं."

म्हणजे पाणी एकाचं आणि उकरणं दुसऱ्याचं, दोघांनी एकमेकांपासून चोरून, एकमेकांच्या उलट केलेलं, असं मिळून ती ओळ वाचली होती. यात शहाणपण कुणाचं, हे मी तेव्हा खूप विचार करून पाहिलं. कुणाचंच नव्हतं. आईला वाटत होतं ती माती सुकवते आहे. बाबांना वाटत होतं कोंबड्या नासधूस करताहेत. फक्त दोघांपैकी कुणीही झाडांना सोडून घरात बसलं नव्हतं.

दोरीवाल्यांनी दोरी कोपराभोवती गुंडाळली. "पुढल्या साली पाहू," म्हणाले आणि काकूंच्या कोंबड्यांना वळसा घालून गेले. त्या दिवसापासून आम्ही उघडपणे पाणी घातलं. काकूंनी भाजी-तांदळाचं धुवण ठेवायला सुरुवात केली, मामांनी कुहीहून धानाची तणस, म्हणजे पेंढा, पाठवली आणि आम्ही ती आळ्यांवर अंथरली. समोरच्या ओळी गेल्याच. मागच्यांतली काही टिकली. मृग यायला उशीर झाला, पण आला. होळीला आमच्याकडे पाठवण्याजोगी फार संत्री नव्हती, पण पहिली टोपली बाबा स्वतः काकूंकडे घेऊन गेले आणि डालग्यापाशी ठेवून आले.

बाग त्यानंतर काही वर्षं राहिली. शेवटी विहीरच आटली आणि दोरीवाल्यांचा मुलगा आला, दोरीऐवजी टेप घेऊन. त्या वेळी कुणी भांडलं नाही. आईने खुरपी तेवढी पुसून आपल्या ट्रंकेत ठेवली. आज मी त्याच लेआउटमधल्या एका इमारतीत राहते. विहिरीवर सिमेंटचं झाकण टाकलं आहे आणि त्यावर कुणाचीतरी कार उभी असते. सगळे विचारतात, आपण एकट्याने काय करायचं? टीव्हीवरचे तज्ज्ञ सांगतात ते मी ऐकते, थोडं कळतं, पुष्कळसं कळत नाही, आणि कळलेल्यातलंही खरं किती हातून होईल याचा गोंधळ आहे. मी सत्तरी ओलांडली आहे. माझ्या आवाजात निकाल नाही.

दोन पावसाळ्यांमागे सोसायटीच्या भिंतीलगत कडुनिंबाची रोपं लावली, फोटो निघाले, आणि उन्हाळ्यात त्यातलं एकच उरलं. मी रोज तांदळाचं धुवण घेऊन खाली जायची. या वैशाखात एका दुपारी बघते तर आळं आधीच ओलं. दुसऱ्या दिवशीही ओलं. कुणीतरी माझ्याआधी पाणी घालत होतं. मग मी ट्रंकेतली खुरपी काढली. गुडघे बोंबलत होते, तरी भिंतीला धरून बसले आणि वरची माती मोकळी केली. असं रोज चाललं.

काल सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप आला. वरच्या मजल्यावरचे एक तरुण गृहस्थ, माझी त्यांची साधी ओळखही नाही, रागावून लिहितात: भिंतीजवळच्या निंबाची माती कुणाचं तरी कुत्रं रोज उकरून ठेवतं, कृपया आपापली कुत्री बांधून ठेवा. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आई असती तर भाकरी चुलीत गेली असती. मी उत्तर काही लिहिलं नाही. ऊन उतरल्यावर खुरपी घेतली आणि खाली गेले.